आवडी सांगा, आजोळ सांगू नका

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्नावली हमखास फिरते. वर लिहिलेलं असतं, 'चला, एकमेकांना ओळखू या'. खाली पंधरा-वीस प्रश्न: आवडता पदार्थ, आवडता गायक, वाढदिवस, जन्मगाव, पहिली शाळा, घरातलं लाडाचं नाव, कुत्र्या-मांजराचं नाव, आजोळ कुठलं, आणि सगळ्यात शेवटी 'तुमच्याबद्दल फारशी कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट'. सुदामा नगरातल्या काकू, राजेंद्र नगरातले निवृत्त बँकवाले, पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेली मुलं, सगळे हौसेने भरतात.

या प्रश्नावलीबद्दल दोनच मतं कानावर येतात. एक म्हणजे 'आपलीच तर माणसं आहेत, काय बिघडतं?' दुसरं, 'काही म्हणजे काही सांगू नका, जमाना वाईट आहे.' दुसरं मत बहुधा त्याच ग्रुपवर फॉरवर्ड होऊन येतं आणि त्याच्याच खाली तिसरा कुणीतरी आपली जन्मतारीख वर्षासकट टाकून मोकळा होतो. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. आवडीनिवडी आणि आपल्याबद्दलच्या अनोळखी गोष्टी जास्त सांगायला हव्यात, आणि आज सांगतो त्यापेक्षा नेमक्या सांगायला हव्यात. पण त्या यादीतले निम्मे प्रश्न आवडीचे नाहीतच, ओळखपत्राचे आहेत. ते खोडायचं काम भरणाऱ्यावर सोडून चालणार नाही. ज्याने प्रश्न विचारला त्यानेच ते खोडावेत.

आजोळापासून सुरुवात करू. बँका, कार्ड कंपन्या, विमा कंपन्या वर्षानुवर्षं 'आईचं माहेरचं आडनाव' हे गुपित मानत आल्या. ही पद्धत ज्या समाजांत रुजली तिथे लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव कागदोपत्री मागे पडतं आणि बाहेरच्याला ते सहसा ठाऊक नसतं. आपल्याकडे उलटं आहे. लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या खाली 'आजोळ' म्हणून वेगळी ओळ असते. वधू-वर सूचीत वडिलांच्या नावानंतर 'मामा' हा रकाना येतो आणि तिथे मामांचं पूर्ण नाव, गाव, कधी हुद्दाही असतो. नव्या ओळखीत दुसऱ्याच मिनिटाला 'आई कुणाकडची?' हा प्रश्न येतो आणि तो न विचारणं अनेक घरांत तुटकपणाचं समजतात. म्हणजे बँक ज्याला किल्ली समजते ती आपण शिष्टाचार म्हणून छापून वाटतो. रीत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ज्या संस्थेने आपल्या समाजाकडे न बघता असला प्रश्न उचलला, चूक तिची. पण ती सुधारेपर्यंत आपण काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

यातून नुकसान नेमकं कसं होतं, हे बहुतेकांच्या मनात धूसर असतं. आजोळाचं आडनाव कळलं म्हणून कुणी तुमचं खातं रिकामं करत नाही. आपल्याकडे जवळपास प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी किंवा पिन लागतो. माहितीचा उपयोग त्याच्या आधीच्या पायरीवर होतो. फोन येतो, पलीकडचा माणूस शांतपणे विचारतो, 'काका, जन्म १९५८चा ना? आईंचं माहेरचं नाव पटवर्धन?' काकांना वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे बँकेतलाच असणार. त्यानंतर ओटीपी मागितला की तो सहज दिला जातो. दुसरा प्रकार लाडाच्या नावाचा. 'बंडूमामा, मी चिनू बोलतेय, माझा नंबर बदललाय, जरा अडचणीत आहे.' चिनू हे नाव घराबाहेर कुणाला ठाऊक नसतं अशी मामांची खात्री असते, आणि ते नाव मंडळाच्या प्रश्नावलीत 'लाडाचं नाव' या रकान्यात सहा महिन्यांपासून पडलेलं असतं. त्या ग्रुपवर चारशे जण असतील, तर त्या चारशेंपैकी एकाचा फोन हॅक झाला तरी पुरे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात १,०२४ जण मावतात. एवढ्यांना 'आपली माणसं' म्हणायला मन मोठं असून भागत नाही, नजरही तेवढीच लांब लागते.

जन्मवर्षाचं तर विचारूच नका. ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड आठ अक्षरी असतो: आधारवर असलेल्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार मोठी अक्षरं आणि त्यापुढे जन्माचं वर्ष. हे गुपित नाही, आधारच्या संकेतस्थळावरच लिहिलेलं आहे. आता मंडळाची तीर्थयात्रा निघते, धर्मशाळेच्या आरक्षणासाठी सगळ्यांचे आधार ग्रुपवरच मागवले जातात आणि लोक पीडीएफ टाकतात. 'पासवर्ड लागतो, म्हणजे सुरक्षित आहे' हा त्यांचा समज. नाव ग्रुपवर दिसतंय, वर्ष वाढदिवसाच्या यादीत आहे. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगलेली. अशा कामासाठी मास्क्ड आधार घ्यावं, त्यात बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. आणि तेही ग्रुपवर न टाकता ज्याला हवं त्या एकाला पाठवावं.

वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी दिवस आणि महिना पुरतो. वर्ष कुणी विचारूच नये. या बाबतीत इंदूरच्या चौकाचौकांतले शुभेच्छा फलक आदर्श मानावेत. भैयांचा फोटो वीस फुटी असतो, खाली शंभर शुभेच्छुकांची नावं असतात, पण भैया किती वर्षांचे झाले हे कधी लिहिलेलं दिसत नाही.

पूर्ण जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस उघडा पडतो. अमेरिकेत संशोधक लताण्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की तिथल्या ८७ टक्के लोकांना एवढ्या तीन गोष्टींवरून एकमेव म्हणून ओळखता येईल. आपल्याकडे पिनकोडात वस्ती जास्त असते, म्हणून कुणाला वाटेल आपण गर्दीत लपलो. हिशेब करून बघा. एका पिनकोडात एक लाख माणसं धरा. ऐंशी वर्षांच्या जन्मतारखा म्हणजे साधारण २९,२००; स्त्री-पुरुष धरून ५८,४०० खाने. लाखभर माणसं एवढ्या खान्यांत वाटली तर एका खान्यात सरासरी दोनही येत नाहीत. त्यात 'मराठी' ही चौथी अट घातली की इंदूरच्या बहुतेक पिनकोडांत तुमच्या खान्यात तुम्हीच उरता.

खरी पंचाईत वधू-वर सूचीत आहे. तिथे जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, देवक, गोत्र, मामा, वडिलांचा मोबाईल, घरचा पत्ता, पगार, सगळं एका पानावर, फोटोसकट. कार्यकर्ते म्हणतात, 'पत्रिका जुळवायची तर जन्मवेळ लागतेच.' हे म्हणणं तपासून बघण्यासारखं आहे. ज्या ३६ गुणांवर गाडी अडते ते येतात कुठून? वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. या आठही गोष्टी चंद्राची रास आणि जन्मनक्षत्र यांवरून ठरतात. फार तर चरण, म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग, लागतो. पंचांगात वधूवर गुणमेलनाचं तयार कोष्टक असतं, त्यात एका बाजूला मुलीचं नक्षत्र, दुसऱ्या बाजूला मुलाचं. जन्माची घटका-पळं त्या कोष्टकात कुठेच नसतात. मंगळ बघायला लग्नकुंडली लागते हे खरं, पण त्यासाठी 'मंगळ आहे' किंवा 'नाही' एवढं लिहून भागतं. तेव्हा पत्रिका मानणाऱ्या घरालाही पहिल्या फेरीत रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी आणि मंगळ एवढंच पुरतं. पत्रिका मानावी की नाही हा वेगळा वाद; इथे तो काढत नाही.

यातही एक खाच आहे. नक्षत्राबरोबर जन्मवर्ष छापलं तर फार काही लपत नाही. चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत सगळी नक्षत्रं फिरून येतो, म्हणजे एक नक्षत्र वर्षात तेरा-चौदा वेळा येतं. चरण दिला तर प्रत्येक वेळचे जेमतेम सहा तास. जिद्दी माणूस तारखेपर्यंत पोचू शकतो. म्हणून वर्षाऐवजी वयोगट लिहावा, आणि चरण दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावा.

दुसरी फेरी म्हणजे काय? सूचीची दोन पत्रकं करायची. पहिल्यावर अनुक्रमांक, वयोगट, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र, शहर, रास-नक्षत्र, आवडी आणि अपेक्षा. दुसऱ्यावर नाव, जन्मतारीख-वेळ, मामा, पत्ता, फोन. दुसरं पत्रक मंडळाच्या कपाटात राहील आणि दोन्हीकडून होकार आला तरच, नोंदवहीत तारीख आणि सही घेऊन, दिलं जाईल. काम वाढतं, नाकारण्यात अर्थ नाही. दोनशे स्थळांच्या सूचीला दोन कार्यकर्त्यांची महिनाभराची संध्याकाळ जाईल. पण आज हीच पीडीएफ इंदुरातून उज्जैन, देवास, भोपाळ, तिथून नागपूर आणि पुढे कुठल्या कुठे फिरते, आणि मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी वडिलांना स्थळांचे फोन येत राहतात. त्या पीडीएफवरून नंबर उचलून 'तुमच्या मुलीसाठी उत्तम स्थळ, नोंदणी शुल्क अमुक' असं सांगणारेही त्यातलेच.

आता आवडींकडे. आवडता पदार्थ सांगितला तर काय बिघडतं? एरवी काहीच नाही. बिघडतं ते एखाद्या संकेतस्थळाने 'तुमचा आवडता पदार्थ कोणता?' हा पासवर्ड विसरल्यावर विचारायचा प्रश्न ठेवला तर. गूगलने २०१५ साली आपल्याच वापरकर्त्यांची अशी उत्तरं तपासली. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर एकाच प्रयत्नात ओळखायची शक्यता १९.७ टक्के निघाली, कारण सरळ होतं: पिझ्झा. इंदुरात पिझ्झाच्या जागी पोहे घाला, पुढचं सांगायला अभ्यास नको. मुद्दाम खोटी उत्तरं दिल्याचं कबूल करणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोकांनी ती ओळखायला अवघड जावीत म्हणून दिली होती, आणि गंमत म्हणजे त्यामुळे उत्तरं ओळखणं आणखी सोपं झालं, कारण खोटं बोलतानाही सगळे सारखंच खोटं बोलतात. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचा ईमेल उघडला गेला तोही असाच: जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली याचं उत्तर. तिन्ही गोष्टी जगजाहीर होत्या.

पण यावरून आवडता पदार्थ लपवा असा निष्कर्ष काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७च्या मार्गदर्शिकेत 'पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय' या धर्तीचे प्रश्न पासवर्ड ठरवताना विचारू नयेत असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे एखादं संकेतस्थळ अजून असा प्रश्न विचारत असेल तर तिथे खरं उत्तर देऊ नका आणि सुचेल ते खोटंही देऊ नका. असंबद्ध तीन शब्द आणि एक आकडा घ्या, 'खिडकी तांबूस सत्तेचाळीस वेलदोडा' असं काहीतरी, आणि ते घरातल्या वहीत लिहून ठेवा. वही कपाटात असते; तिला हात घालायला चोराला घरात यावं लागतं. आणि ग्रुपवर मात्र पोहे आवडतात हे बिनधास्त सांगा.

दुसरा धोका ॲपच्या चाचण्यांचा. 'तुमचा स्वभाव कुठल्या गोड पदार्थासारखा आहे' छापाच्या चाचण्या भरताना आपण माणसांना सांगत नाही, कंपनीला सांगतो. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी फेसबुकची माहिती वापरणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात जी चाचणी वापरली गेली ती भारतात फक्त ३३५ जणांनी घेतली होती. फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे त्यांच्या मित्रयाद्यांमधून आणखी ५,६२,१२० भारतीयांची माहिती जाण्याची शक्यता होती. त्या ३३५ जणांनी आपल्यापुरता निर्णय घेतला असं त्यांना वाटलं असेल. अशी लिंक मंडळाच्या ग्रुपवर आली तर अ‍ॅडमिनने ती न बघता उडवावी, चर्चाही नको.

इतकं सगळं सांगून मी मूळ मुद्द्यावर येतो, कारण भीतीचे लेख पुष्कळ आहेत. इंदूरसारख्या शहरात मराठी माणसाने आपल्याबद्दल न सांगणं हे जास्त महाग पडतं. इथली मराठी वस्ती होळकरांपासूनची, पण मुलांच्या शाळा हिंदी-इंग्रजी, बाजाराची भाषा हिंदी, मित्रमंडळी मिश्र. सानंद या इथल्या सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला एका रांगेत बसणारी दोन कुटुंबं मध्यंतरात हसून बघतात आणि समोसा संपला की पांगतात. रामबागेतल्या एखाद्या आजोबांना मोडी सफाईने वाचता येते हे त्यांच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि होळकर दफ्तर तर बरंचसं मोडीतच आहे. कुणाकडे आजीच्या हातची पदार्थांची वही असते, कुणाकडे जुन्या संगीत सभांच्या ध्वनिफिती, कुणाला पेटी दुरुस्त करता येते. 'फारशी कुणाला माहीत नसलेली गोष्ट' हा प्रश्न अशा वेळी यादीतला सगळ्यात मोलाचा ठरतो, आणि नेमकं त्यालाच सगळ्यात फुसकं उत्तर मिळतं. 'मी फार हळवा आहे.' 'मला एकांत आवडतो.' इंदूर शहराबद्दलची अपरिचित गोष्ट सांगा म्हटलं तरी जो तो लताबाई इथे जन्मल्या किंवा राहुल द्रविड इथे जन्मला एवढंच सांगतो. दोघांनीही हे शहर लहानपणीच सोडलं, आणि या दोन गोष्टी अपरिचित कशा हे सांगणाऱ्यालाच ठाऊक.

दोष उत्तर देणाऱ्याचा कमी, प्रश्नाचा जास्त. 'आवड?' असं विचारलं की 'वाचन, संगीत, प्रवास' येणारच, ते शाळेपासून घोटलेलं आहे. प्रश्नाला हाताने धरता येईल असं काहीतरी लागतं. 'संगीत आवडतं का' असं न विचारता 'स्वयंपाक करताना काय लावता' विचारा. 'आवडता पदार्थ' ऐवजी 'इंदुरी पोह्यात तुम्हाला काय नको असतं' विचारून बघा. इथले पोहे फोडणीनंतर उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवलेले असतात, त्यात बडीशेप असते, वरून शेव आणि जीरावण हा इंदुरी मसाला पडतो. पुण्याहून सून आलेल्या घरात बडीशेपेवरून आणि ओल्या खोबऱ्यावरून मतं ठाम असतात. या एका प्रश्नावर वीस माणसं अर्धा तास बोलतील. त्यातून कोण कुठल्या गावचं, कुणाच्या घरी कोण रांधतं, कुणी नोकरीपायी कुठे कुठे राहिलं हे आपसूक कळतं. आणि कुठल्याही बँकेला त्यातलं काही उपयोगाचं नसतं. अपरिचित गोष्टीचा प्रश्नही बदलावा: 'तुम्हाला काय येतं, जे इथे कुणाला शिकवू शकाल?' आणि 'तुमच्या घरात चाळीस वर्षांहून जुनं काय जपलेलं आहे?' दागिने सोडून, हे खाली ठळक लिहावं. नाहीतर मी वर जे सगळं लिहिलं ते पाण्यात.

परिचयाचा कार्यक्रम घ्यायचा तर माईक बाजूला ठेवा. साठ माणसांनी ओळीने उभं राहून नाव-गाव-आवड सांगायची पद्धत का फसते, याचं एक कारण मानसशास्त्रात नोंदलेलं आहे. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की आपली पाळी येण्याच्या लगेच आधी जो बोलतो त्याचं बोलणं आपल्या लक्षात राहत नाही. आपण मनात स्वतःचं वाक्य जुळवत असतो. रांगेत प्रत्येकाला कुणीतरी 'आधीचा' असतोच. शिवाय पहिला माणूस ज्या साच्यात बोलतो तोच साचा शेवटपर्यंत चालतो. त्याने हुद्दा सांगितला की सगळे हुद्दा सांगतात, आणि गृहिणी 'मी काही करत नाही' म्हणून बसतात. हे वाक्य ज्या परिचयात ऐकू येतं तो फसला असं खुशाल समजावं.

त्यापेक्षा आठ-आठ जणांचे गट करा. प्रश्न दोन दिवस आधी कळवा. आधी जोड्या लावून सहा मिनिटं द्या, प्रत्येकाला तीन; मग गटात प्रत्येकाने आपली नव्हे, जोडीदाराची ओळख करून द्यायची, दोन मिनिटांत. आठ जणांना सोळा मिनिटं, सगळं मिळून पंचवीस मिनिटांत आटपतं. नवरा-बायको एका जोडीत नकोत. दुसऱ्याची ओळख करून द्यायची असली की ऐकावं लागतं, आणि बढाईही आपोआप आवरते. आर्थर ॲरन यांचा १९९७चा प्रसिद्ध प्रयोग याच तत्त्वावर होता: ३६ प्रश्न, तीन संच, हलक्या प्रश्नांपासून खोल प्रश्नांकडे, दोघांनी आळीपाळीने उत्तरं द्यायची, पाऊण तासात. अनोळखी माणसं त्यातून जवळ आली. तिथे जे घडलं ते दोघांत आणि पाळीपाळीने सांगितल्यामुळे घडलं. चारशे जणांच्या ग्रुपवर एकाने टाकायचं आणि बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा, यात देणारा एक आणि बघणारे अनेक असतात.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. जी गोष्ट आपली आणि आणखी कुणाची तरी आहे, ती त्या दुसऱ्याला विचारल्याशिवाय सांगू नये. आजार, घटस्फोट, दत्तक घेणं, मुलाचे कमी मार्क, सुनेची नोकरी सुटणं. सांगणाऱ्याला ते 'माझ्याबद्दल' वाटतं. आणि मुलांची शाळा, इयत्ता, बसची वेळ, शिकवणीचा पत्ता हे कुठल्याच प्रश्नावलीत येता कामा नये, पालकांनी आनंदाने भरलं तरी.

'कायदा आहे ना' असं म्हणणाऱ्यांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ एकदा नीट वाचावा. त्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय की व्यक्तीने स्वतःहून जी माहिती सार्वजनिक केली तिला हा कायदा लागू नाही. सोबत उदाहरणही दिलं आहे, समाजमाध्यमावर आपली माहिती आपणच जाहीर करणाऱ्या बाईचं. म्हणजे फेसबुकच्या उघड्या भिंतीवर 'माझ्याबद्दल पंचवीस गोष्टी' लिहिल्या तर तक्रारीची वाट तिथेच अरुंद होते. घरगुती कामासाठी कुणी व्यक्तीने ठेवलेली माहितीही कायद्याबाहेर. पण मंडळ ही व्यक्ती नव्हे आणि वधू-वर सूची हे घरगुती काम नव्हे. कागदी फॉर्म नंतर संगणकावर चढवला तरी कायदा लागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अठरा महिन्यांत अमलात यायच्या आहेत. संमती घ्यायची, कशासाठी माहिती हवी ते सांगायचं, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, काम संपलं की माहिती पुसायची. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. ती मंडळाच्या खजिनदाराला घाबरवायला मी लिहीत नाही, पण कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय 'इतर' या सदरात शेवटी ढकलला जाऊ नये एवढ्यासाठी.

अ‍ॅडमिनच्या हातात आजच करण्यासारखं बरंच आहे. ओळखीच्या प्रश्नावलीसाठी वेगळा, छोटा ग्रुप करावा आणि त्यात मेसेज ९० दिवसांत नाहीसे होण्याची सोय चालू ठेवावी. मोठ्या सूचनांसाठी ग्रुपऐवजी कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप वापरला तर सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. वधू-वर सूची ग्रुपवर पीडीएफ म्हणून कधीच टाकू नये. कुणी फसलंच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. लाजेपायी लोक दोन दिवस घालवतात, आणि ग्रुपवर मात्र कुणाला काही सांगत नाहीत. वास्तविक ग्रुपवर सांगण्यासारखी गोष्ट असेल तर ती हीच.

राहिल्या जुन्या सूच्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या छापील पुस्तिका मंडळाच्या माळ्यावर गठ्ठ्याने पडलेल्या असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात किंवा सकाळच्या गाडीत सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात पडतात. इंदुरात सुका कचरा पुढे निवडला जातो, पुस्तिका अख्खी असेल तर ती अख्खीच पुढच्या हातात जाते. दोन प्रती अभिलेखासाठी कुलपात ठेवाव्यात, बाकीच्यांची फोटो-पत्त्याची पानं आधी फाडावीत आणि मग गठ्ठा द्यावा. एका रविवारी चार जण बसले तर दुपारच्या जेवणापर्यंत होतं.